जुनी चूक, कोरा रकाना आणि सरकारी नोकरी

भरतीचे दिवस आले की शाळेच्या कचेरीत माजी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढते. कुणाला शाळा सोडल्याच्या दाखल्याची नक्कल हवी असते, कुणाला गुणपत्रिकेवर शिक्का हवा असतो. फौजेत जाऊ इच्छिणाऱ्यांना मुख्याध्यापकांच्या सहीचा चारित्र्याचा दाखला लागतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव. इथल्या मराठी घरांत फौज, निमलष्करी दल किंवा पोलीस म्हणजे नुसती नोकरी नसते, ती घराची अब्रू असते. म्हणूनच ज्या प्रश्नाबद्दल घरात दबक्या आवाजात बोलले जाते, तो या अंकात आम्ही उघडपणे मांडत आहोत. मुलगा कॉलेजात असताना गांजाच्या नादी लागला, एकदा पोलिसांच्या हाती सापडला आणि पुढे सुधारला. आता त्याने सरकारी अर्जात काय लिहावे? आणि सरकारने त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. वयाच्या विशीत झालेली आणि मागे टाकलेली अशी चूक माणसाला देशसेवेतून कायमची बाद करणारी नसावी. पण ती मागे पडली आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची स्वतःची आहे, आणि त्याची पहिली पायरी म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर. 'तो रकाना कोराच ठेव, कुणाला कळतंय?' असा सल्ला देणारे काका-मामा मुलाचे भले चिंतत असतील. पण बहुतेक वेळा नुकसान चुकीपेक्षा त्या सल्ल्यानेच जास्त होते.

सरकार हे विचारतेच कशाला, असे काही पालक म्हणतात. त्यामागे कारण आहे. ज्याच्या हाती बंदूक, गुप्त कागद किंवा संदेशयंत्रणा द्यायची, तो भरवशाचा हवा. नशेत असलेल्या माणसाचा निर्णय चुकू शकतो. कायदा माहीत असून जो तो मोडतो, तो खात्याचे नियम पाळेल का, अशी शंका येते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. ज्याच्या आयुष्यात लपवलेली गोष्ट आहे, त्याला ती उघड करण्याची धमकी देऊन कुणीही वाकवू शकतो. पण जी गोष्ट माणसाने स्वतःच वरिष्ठांना सांगितली आहे, तिची धमकी कुणाला घालता येत नाही. म्हणजे खरे बोलण्यात नीतीबरोबर सुरक्षितताही आहे.

हा सगळा विचार नियमांच्या रूपात तपशिलाने लिहून काढून लोकांसमोर ठेवला आहे तो अमेरिकेने. मराठी घरांतली बरीच मुले तिथे शिकून तिथलीच नागरिक झाली आहेत. संरक्षण खात्याच्या कंत्राटी कंपनीत किंवा सरकारी कचेरीत काम मिळाले की त्यांच्यापुढे 'सिक्युरिटी क्लिअरन्स'चा प्रश्न येतो. गुप्त माहिती पाहण्याची जी सरकारी परवानगी, तिला तिथे हे नाव आहे. ती साधारणपणे नागरिकांनाच मिळते. तिथली पद्धत आम्ही थोडी विस्ताराने सांगतो, कारण आपल्याकडे काय कमी आहे ते तिच्याशेजारी ठेवल्यावर नीट दिसते.

या परवानगीसाठी अनेक वर्षे वापरात असलेला अर्ज म्हणजे एस.एफ. ८६. तो नुसता 'तुम्हाला कधी अटक झाली का' एवढ्यावर थांबत नाही. गेल्या ७ वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतला का, असे तो सरळ विचारतो. पोलिसांना कळले असो वा नसो, उत्तर द्यावे लागते. आधीपासून अशी परवानगी हाती असताना नशा केली असेल, तर तिथे सात वर्षांची मर्यादाही नाही. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. २०२३ मध्ये या अर्जाची जागा घेणारी नवी प्रश्नावली मंजूर झाली, तिच्यात गांजाचा प्रश्न इतर पदार्थांपासून वेगळा काढला आहे.

उत्तर 'हो' आले तर पुढे काय? इथे त्यांच्या नियमांचे वेगळेपण आहे. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत माणसाची पारख करण्यासाठी १३ कलमे आहेत. पैशांचे व्यवहार, परदेशी संबंध, दारू, गुन्हेगारी वर्तन अशी त्यांची विभागणी आहे. त्यांतले एक कलम अमली पदार्थांचे. कोणती गोष्ट शंका निर्माण करते हे त्या कलमात लिहिले आहेच, पण ती शंका कशाने कमी होते हेही त्याच पानावर लिहिले आहे. वागणूक फार जुनी किंवा अगदी क्वचित होती का? ज्या परिस्थितीत ती घडली ती पुन्हा येण्याचा संभव कमी आहे का? माणसाने ती कबूल करून नशेची संगत सोडली आहे का, ती ठिकाणे टाळली आहेत का? पुन्हा घेतल्यास परवानगी रद्द व्हावी, असे त्याने सहीनिशी लिहून दिले आहे का? उपचार घेतले असतील तर ते पूर्ण केले का, त्यानंतर पुन्हा तोल गेला नाही ना, आणि जाणकार डॉक्टरांचे मत अनुकूल आहे का? मोठ्या आजारात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचीच सवय लागली आणि आता ती सुटली आहे, अशा माणसासाठीही वेगळा उल्लेख आहे.

शिवाय एकाच गोष्टीवरून निकाल न देता संपूर्ण माणूस पाहावा, त्या वेळचे त्याचे वय आणि समज लक्षात घ्यावी, असेही सांगितले आहे. परवानगी नाकारली तर कारणे लेखी मिळतात आणि त्यांना उत्तर देण्याचा, दाद मागण्याचा मार्ग असतो.

हा ढिलेपणा आहे असे कुणी समजू नये. जो आजही नशा करतो किंवा व्यसनाधीन आहे, त्याला परवानगी देण्यास तिथे २००८ पासून कायद्यानेच बंदी आहे. शंका उरलीच तर ती देशाच्या सुरक्षिततेच्या बाजूने सोडवायची, असा स्पष्ट दंडक आहे. अनेक राज्यांनी गांजाला मोकळीक दिली असली, तरी केंद्र सरकारच्या या परवानगीसाठी 'आमच्या राज्यात चालतो' ही सबब पुरत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी खात्यांना जे मार्गदर्शन केले, त्याचा आशय असा होता की पूर्वी मौजेखातर घेतलेल्या गांजाची नोंद घ्यावी, पण तेवढ्यावरच निकाल ठरवू नये. मात्र अर्जावर सही केल्यापासून उमेदवाराने त्यापासून दूर राहावे. थोडक्यात, कालच्या चुकीला वाट आहे, आजच्या चुकीला नाही. आणि खोटे बोलल्याबद्दलचे कलम त्या १३ मध्ये वेगळेच आहे. नशेची गोष्ट माफ होण्यासारखी असली, तरी ती लपवल्याबद्दल माणूस त्या दुसऱ्या कलमाखाली अडकू शकतो.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीसाठी निवड झाली की साक्षांकन अर्ज, म्हणजे अटेस्टेशन फॉर्म भरावा लागतो. 'कधी अमली पदार्थ घेतला का' असे तो नेहमीचा अर्ज विचारत नाही. कधी अटक झाली का, खटला भरला गेला का, स्थानबद्ध केले का, न्यायालयाने दंड केला का, शिक्षा झाली का, परीक्षेला बसण्यास मनाई झाली का, विद्यापीठाने किंवा शाळेने काढून टाकले का, सध्या एखादे प्रकरण चालू आहे का, असे त्याचे प्रश्न असतात. अर्जाच्या सुरुवातीलाच ताकीद छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, आणि नोकरीत असताना केव्हाही हे उघडकीस आले तर सेवा संपुष्टात येऊ शकते. मग तो अर्ज पडताळणीसाठी जातो, पोलीस ठाण्यात चौकशी होते, आणि दंड भरून मिटलेले, घरच्यांनी विसरून टाकलेले प्रकरण नोंदवहीतून वर येते.

गांजा ओढणे ही किरकोळ बाब आहे असे मुलांना वाटते. १९८५ च्या एन.डी.पी.एस. कायद्याच्या २७ व्या कलमानुसार गांजा-चरससारख्या पदार्थाच्या सेवनाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हेरॉइन-कोकेनच्या सेवनाला वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा, रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी बेंगळुरू किंवा पुणे. मुले वसतिगृहात राहतात, नवे मित्र भेटतात, 'एकदाच' म्हणून सुरुवात होते. पोलिसांनी खोलीवर छापा घातला, तर त्या 'एकदाच'ला खटल्याचा क्रमांक मिळतो.

असा खटला लपवला तर काय होते, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बराच विचार केला आहे. १९९६ मध्ये दिल्ली पोलिसांत निवड झालेल्या एका उमेदवाराला पूर्वीच्या खटल्यामुळे नाकारले गेले. तो त्यातून निर्दोष सुटला होता, तरीही न्यायालयाने नकार योग्य ठरवला. पोलीस दलात पूर्ववर्तन पाहिले जाणारच, असा त्याचा आशय. २०११ मध्ये दुसऱ्या प्रकरणात न्यायालय वेगळे वागले. विशीच्या आसपास मारामारीच्या खटल्यात सापडलेल्या, पुढे तडजोड होऊन सुटलेल्या आणि ही गोष्ट आधी न सांगितलेल्या तरुणाच्या बाजूने निकाल लागला. तरुणपणी चुका होतात, त्यांच्यामुळे माणसावर आयुष्यभराचा शिक्का मारू नये, हे सांगताना निकालपत्रात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या जाँ वालजाँचा दाखला दिला आहे. भाकरी चोरल्यामुळे जन्मभर चोर ठरलेला तो माणूस.

असे दोन्ही बाजूंचे निकाल साचल्यावर २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्वे एकत्र मांडली. लहान वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा असेल, तर तो दडवल्याकडेही खाते आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकते. गुन्हा गंभीर असेल तर दडवणे महागात पडते. प्रश्न स्पष्ट विचारलेला असला पाहिजे. संदिग्ध प्रश्नावरून कुणाला दोषी धरू नये. आणि सगळे खरे सांगितले तरी नेमणूक मिळण्याचा हक्क तयार होत नाही. पूर्ववर्तन तपासण्याचा खात्याचा अधिकार कायम राहतो.

हे शेवटचे वाक्य पालकांनी दोनदा वाचावे. खरे सांगणाऱ्याला नोकरी मिळेलच, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे फसवणूक ठरेल. पण खरे सांगणाऱ्याला आपली बाजू मांडण्यासाठी पायाखाली जमीन असते. जो लपवतो, त्याच्या जुन्या चुकीत नवी, ताजी आणि स्वतःच्या सहीची चूक मिळते. वीस वर्षांपूर्वीचा गांजा खाते कदाचित विसरेल, पण खात्यालाच लिहून दिलेले खोटे विसरायला कोणते खाते तयार होईल?

दुसऱ्या टोकाला जाऊन मुलांनी अर्जात सगळा जन्म ओकावा, असेही आमचे म्हणणे नाही. प्रश्न नीट वाचावा. जे विचारले आहे त्याचे पूर्ण आणि खरे उत्तर द्यावे. खटला झाला असेल तर त्याचा क्रमांक, न्यायालय, निकालाची तारीख लिहावी आणि निकालाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. उपचार घेतले असतील तर रुग्णालयाची कागदपत्रे फाडून टाकू नयेत, तीच उद्या सुधारणेचा पुरावा असतात. शब्दांत घोळ वाटला तर वकिलाचा सल्ला घ्यावा. चहाच्या टपरीवरचा सल्ला घेऊ नये.

अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी एक दिलाशाची गोष्ट. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २४ व्या कलमानुसार, अजाण वयात कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाला त्यापायी पुढे अपात्रता भोगावी लागू नये आणि त्याचे अभिलेख मुदतीनंतर नष्ट करावेत, असे तत्त्व आहे. सोळा वर्षांवरील मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांसाठी अपवाद आहेत. 'नव्याने सुरुवात' हे त्या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. म्हणजे दहावी-अकरावीतल्या मुलाच्या पहिल्या चुकीने त्याचे भविष्य संपले, असे समजून त्याला घरात कोंडून मारहाण करण्याचे कारण नाही.

आणि इथेच आमच्या मते खरी अडचण आहे. चार लोकांत बोभाटा नको, म्हणून आपण मुलाला डॉक्टरांकडे नेत नाही. उपचाराची नोंद झाली तर नोकरी जाईल, लग्न अडेल, ही भीती असते. त्या भीतीपायी महिने जातात, सवय मुरते आणि जी गोष्ट दवाखान्यात मिटली असती ती पोलीस ठाण्यात पोचते. कायदा याच्या अगदी उलट सांगतो. एन.डी.पी.एस. कायद्याच्या ६४-अ कलमाप्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचार घेईल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येते. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मदत क्रमांक १४४४६ आहे. तो फोन करायला लाज वाटण्यापेक्षा तो न केल्याची लाज वाटावी, असे आम्हाला वाटते.

आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली सरकारकडे. साक्षांकन अर्जावर ताकीद जशी ठळक छापता, तशी सुधारलेल्या माणसाची पारख कोणत्या निकषांवर होईल तेही सोप्या भाषेत, मराठी आणि कन्नडसह सर्व भाषांत छापा. खात्याखात्यांचे निकष फाइलींत असून उपयोग नाही. ते अठरा वर्षांच्या उमेदवाराच्या हाती पडले पाहिजेत. किती वर्षे स्वच्छ गेली पाहिजेत, कोणते कागद लागतील, नाकारले तर दाद कुठे मागायची, एवढे जरी कळले तरी निम्मी लपवाछपवी थांबेल. माणूस खोटे बोलतो ते बऱ्याचदा वाट दिसत नाही म्हणून.

दुसरी मागणी शाळांकडे, त्यात आमचीही शाळा आली. चारित्र्याचा दाखला म्हणजे 'वर्तणूक चांगली' असा रबरी शिक्का नव्हे. सगळ्यांना एकच वाक्य दिले की त्या वाक्याला किंमत राहत नाही. मुलगा चुकला आणि मग दोन वर्षे नेमाने शाळेत आला, मैदानावर घाम गाळला, एन.सी.सी.त टिकला, हे आम्ही पाहिलेले असते. ते लिहायला हवे. चुकीचा डांगोरा पिटायचा नाही आणि खोटी स्तुतीही करायची नाही. सुधारणेची साक्ष मात्र शिक्षकाइतकी दुसरे कोण देऊ शकेल? त्याच कारणासाठी, नशेत सापडलेल्या मुलाला नाव काढून हाकलणे हा आम्ही शेवटचा उपाय मानतो. अर्जात 'शाळेने काढून टाकले का' हाही प्रश्न आहे, हे विसरू नये.

तिसरी मागणी पालकांकडे. मुलाला खोटे लिहायला शिकवू नका. ज्या दिवशी बाप म्हणतो, 'नाही म्हणून लिही', त्या दिवशी मुलगा दोन धडे शिकतो: चूक केली तर चालते, आणि सही खोटी असली तरी चालते. पुढे त्याच्या सहीवर जवानांचे रेशन निघेल, शस्त्रागाराची किल्ली फिरेल, गुप्त कागद पुढे सरकेल. ज्याला घरीच खोटी सही करायला लावली, त्याच्या सहीवर देशाने भरवसा कसा ठेवायचा?

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एकच सांगणे. या लेखातून 'चूक केली तरी पुढे सांभाळता येते' असा अर्थ काढू नका. सांभाळायला वर्षे लागतात, कागद लागतात, कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि एवढे करून नकार येऊ शकतो. सर्वांत सोपा अर्ज त्याचाच असतो, ज्याला प्रत्येक रकान्यात 'नाही' असे खरेखुरे लिहिता येते. पण पाय घसरला असेलच, तर आजच आपल्या शिक्षकांशी किंवा घरातल्या ज्या मोठ्या माणसावर विश्वास आहे त्याच्याशी बोला. आज बोलाल तर उपचार आहेत, वेळ आहे आणि तुमच्या बाजूने उभी राहणारी माणसे आहेत. अर्जाच्या दिवशी एकट्याने त्या कोऱ्या रकान्याकडे पाहत बसण्याची पाळी तुमच्यावर येऊ नये.